पान तीनवरचा खुलासा

"ड्रॉवर उघड आणि कुणाकुणाचे ब्लॉक आहेत ते वाचून दाखव," डुबलसाहेब म्हणाले.

मी ड्रॉवर ओढला. आत जस्ताच्या पत्र्यावर उतरवलेले गावातल्या नामवंतांचे चेहरे, प्रत्येकाच्या मागे लाकडाचा ठोकळा ठोकलेला. त्या काळी छापायला फोटो लागला की असा ब्लॉक लागायचा. नवा करायचा तर फोटो कोल्हापूरला पाठवावा लागे आणि दोन दिवस वाट बघावी लागे. म्हणून आमच्या कऱ्हाडच्या दैनिक 'लोकपहारा'त एकदा केलेला ब्लॉक कुणी टाकून देत नसे.

"पाटसकर वकील," मी वाचलं.

"ते दिवाळीत वारले की रे. पुढे."

"डॉक्टर सुखटणकर. भांडीवाले ओसवाल. प्राचार्य जगदाळे. हिराताई मोकाशी."

"ती अपंग मुलांची शाळा चालवते ती? तिचा कधी केला?"

"गेल्या वर्षी सत्कार झाला तेव्हा."

"घे. एक बाई पाहिजेच," साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "सात झाले. आठला पान सोडायचंय. लिही."

डुबलसाहेब म्हणजे आमचे मालक, संपादक आणि जाहिराती गोळा करणारेही तेच. मी तेवीस वर्षांचा उपसंपादक, भालचंद्र लाड. त्या संध्याकाळी रेडिओवर देशाचं अंदाजपत्रक सांगितलं होतं. सिगारेट आणि पेट्रोल दरवर्षीच महाग व्हायचं, त्यात काही राम नव्हता. पण या वेळी परदेशातून येणाऱ्या गाड्यांवरचा कर एकदम दुप्पट केला होता आणि साहेबांना त्यात पहिल्या पानाचा मथळा दिसला. मथळ्याखाली चौकट हवी होती, 'जनतेच्या प्रतिक्रिया'. आणि जनता म्हणजे ज्यांचा ब्लॉक तयार असेल ती माणसं. त्यांना जाऊन विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. मी आल्यापासून दर अंदाजपत्रकाला जनतेच्या वतीने मीच बोलत आलो होतो आणि आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

डॉक्टरांच्या तोंडी मी चिंता घातली, ओसवालांच्या तोंडी आशा, प्राचार्यांच्या तोंडी देशाचं भवितव्य. हिराताईंपाशी जरा थांबलो. या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. समाजसेविका आहेत, तर काय म्हणतील? मग एकदम सुचलं आणि हात भराभर चालला:

'ज्या देशात गरिबाला एसटीत उभं राहायला जागा नाही, तिथे परदेशी गाडी ही निव्वळ चैन आहे. कर दुप्पट काय, दसपट केला तरी आम्हाला त्याचे दुःख नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वा! बाई बोलली!" म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. आमच्याकडे चहा मिळणं म्हणजे बक्षीसच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. कऱ्हाडात परदेशी गाडी होती एकच आणि तीही वर्षातले दहा महिने झाकून ठेवलेली असायची. तरी माणसं अशी हादरली होती की विचारू नका. "दुप्पट? दुप्पट म्हणजे काय चेष्टा आहे का?" असं एक किराणा दुकानदार कपाळावर हात मारून विचारत होता. या गृहस्थाच्या सायकलला वर्षानुवर्षं घंटी नव्हती. पण मग कुणीतरी हिराताईंची प्रतिक्रिया मोठ्याने वाचली आणि सगळं हॉटेल खूश झालं. "बरोबर बोलली बाई! दसपट करा!" मी कोपऱ्यात बसून भजी खात होतो आणि ती भजी मला फार गोड लागत होती.

दुपारी शाळेतली एक मावशी कचेरीत आली. "ताईंनी बोलावलंय, प्रतिक्रिया कुणी लिवली त्यांना."

मी भांग पाडून गेलो. शाबासकी मिळणार याची खात्रीच होती.

शाळा तंबाखूच्या जुन्या वखारीत भरायची. भिंतींना अजून तो उग्र वास होता. हिराताई दाराजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, किडकिडीत, पायांना लोखंडी पट्ट्या, शेजारी दोन कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मांडीवर 'लोकपहारा'.

"लाड तुम्हीच? बसा. हे जरा वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. चांगलं, आवाज लावून.

ताईंनी ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मी हे कधी बोलले हो?"

"ताई, ते... घाई होती. मला वाटलं, तुमचं मत हेच असणार."

"माझं मत मला विचारायचं ना."

त्यांनी पदराआडून एक रंगीत फोटो काढला. कडा वळून गेल्या होत्या, इतक्या हातांतून तो फिरला होता. फोटोत एक पांढरी, उंच गाडी होती. तिचं मागचं दार जमिनीपर्यंत खाली आलेलं आणि त्या दारावर चाकाच्या खुर्चीत एक मूल.

"दार खाली येतं, मूल खुर्चीसकट वर जातं. कुणाला उचलावं लागत नाही," ताई म्हणाल्या. "जर्मनीतल्या एका संस्थेने आम्हाला भेट दिलीय. वापरलेलीच आहे, पण चांगली आहे. कर मात्र आपल्याला भरायचा. दोन वर्षं वर्गणी मागत फिरलेय मी. या महिन्यात पुरी झाली असती. काल संध्याकाळी रेडिओ लावला आणि माझे हातपाय गळाले. पाय तर आधीच गळालेले," त्या किंचित हसल्या, पण ते हसू लगेच गेलं. "आता एवढे पैसे कुठून आणू? रात्रभर विचार केला. म्हटलं, सरकारकडे अर्ज करू, शाळेच्या गाडीला करातून सूट द्या म्हणून. आणि सकाळी कुणीतरी हा पेपर हातात आणून दिला."

तेवढ्यात एक बाई आत आली. कडेवर आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. आईने तिला सतरंजीवर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून ती किती तरी वेळ वाकूनच उभी राहिली.

"रेश्मा," ताई म्हणाल्या. "सैदापुराहून आणते आई, रोज. मुलं वाढतात हो लाड, आयांची कंबर तेवढीच राहते. दहा-अकराची झाली की उचलवत नाहीत. मग शाळा सुटते आणि मूल घरात एका कोपऱ्यात पडून राहतं. त्यासाठी गाडी."

मी खाली मान घालून बसलो होतो. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

"मला तुमची तक्रार नाही करायची," त्या म्हणाल्या. "खुलासा छापा. चार ओळी पुरेत. मी असं बोलले नाही, एवढंच."

"उद्याच छापतो, ताई."

कचेरीत डुबलसाहेबांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"खुलासा? वेड लागलंय का तुला? एकीचा छापला की लोक विचारणार, बाकीचे तिघे तरी खरं बोलले का? मग गेल्या वर्षीचे? त्याच्या आदल्या वर्षीचे? पेपर बंद करू का?"

"पण त्यांची गाडी..."

"बाकीचे तिघे काही म्हणाले? ओसवालांनी पेढे पाठवलेत, फोटो चांगला आला म्हणून. तो बघ पुडा." साहेबांचा आवाज मऊ झाला. "छापला म्हणून सांग तिला. पान तीनवर. पान तीन कोण वाचतंय?"

पान तीनवर गुळाचे भाव असायचे.

चार दिवसांनी ताई मला टपालकचेरीच्या दारात भेटल्या. रिक्षातूनच हाक मारली. "लाड! छापला का हो?"

"छापला, ताई. पान तीनवर."

"बरं झालं. आमच्याकडे पेपर येत नाही. माझ्यासाठी कात्रण ठेवा."

"ठेवलंय," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

त्यानंतर मी एक केलं. आठ दिवस रोज शाळेत गेलो. मुलांशी बोललो, आयांशी बोललो, आणि अर्धं पान मजकूर लिहिला. या वेळी त्यात एक शब्द पदरचा नव्हता. साहेबांनी तो रविवारी छापला, कारण त्याने कुणाचंच बिघडत नव्हतं. ताईंना तो फार आवडला. त्या मला 'आमचे वार्ताहर' म्हणू लागल्या. माझ्या मनाने घेतलं की पाप फिटलं.

मे महिन्यात त्यांच्या अर्जाची पुण्याला सुनावणी लागली. "तुम्ही चला बरोबर," त्या म्हणाल्या. "साहेबाने काही विचारलं तर पेपरवाला माणूस शेजारी असलेला बरा."

पहाटेच्या एसटीत मी आणि कंडक्टरने त्यांना उचलून चढवलं. खंबाटकीच्या घाटात उकाड्याने जीव चालला होता, पण ताई फोटो मांडीवर ठेवून उत्साहात बोलत होत्या. गाडी आली की पहिली फेरी सैदापूरची. मग ओगलेवाडी. ड्रायव्हर कोण ठेवायचा, गाडी उभी कुठे करायची, सगळं ठरलेलं होतं.

सरकारी कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. तिथल्या एका शिपायाने खुर्ची आणली. ताईंना खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी वर न्यायला सुरुवात केली.

"वार्ताहर, सांभाळा हं," त्या वरून म्हणाल्या. "नाही तर उद्या मथळा यायचा, पत्रकाराने समाजसेविकेस पाडले."

शिपाई हसला, मीही हसलो. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा त्यांनी आपल्या रुमालाने माझ्या कपाळावरचा घाम टिपला. ते मला आजही आठवतं आणि आजही नकोसं होतं.

अधिकारी सज्जन होते. पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी आधी पाणी मागवलं. फाईल उघडली तर वर माझा रविवारचा मजकूर लावलेला होता.

"हे मी वाचलं. घरी नेऊन बायकोलाही वाचायला दिलं," ते म्हणाले. "तुमचं काम मोठं आहे, बाई. सूट द्यावी अशी शिफारस वर पाठवायला माझी काही हरकत नाही. फक्त एक अडचण आहे."

त्यांनी पान उलटलं. खाली आणखी एक कात्रण होतं. ताईंचा तोच ब्लॉक, गालावर छापताना पडलेला शाईचा डाग.

"अंदाजपत्रकावर गावोगावच्या पेपरांत काय येतं ती कात्रणं आमच्याकडे जमा होतात. 'कर दसपट केला तरी आम्हाला त्याचे दुःख नाही.' हे तुमचंच ना? मी शिफारस केली आणि वर कुणी हे पुढे ठेवलं, तर मी काय सांगू?"

तो कागद पुण्यापर्यंत पोचेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आमचा पेपर ओगलेवाडीच्या पलीकडे कुणी वाचतं यावरच माझा विश्वास नव्हता.

ताई मात्र जराही डगमगल्या नाहीत. "ते मी बोललेच नव्हते, साहेब. चूक झाली होती त्यांच्याकडून. दुसऱ्या दिवशी खुलासा आलाय, पान तीनवर. हे बघा, ज्यांनी छापला ते इथेच आहेत."

"अरे वा, मग प्रश्नच मिटला. कात्रण आहे?"

"आहे तर. द्या ना लाड." आणि ताईंनी माझ्याकडे हात पसरला.

मी माझी शबनम पिशवी मांडीवर घेतली. आत काही नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी शोधायला लागलो. वही काढली, परत ठेवली. पंचा काढला. एसटीची तिकिटं काढली. साहेब वाट बघत होते. ताईंचा हात तसाच पुढे होता.

"घरी राहिलं वाटतं," मी म्हणालो.

"हरकत नाही. तारीख सांगा. अंक मागवून घेतो," साहेबांनी पेन उघडलं.

मी तारखेसाठी तोंड उघडलं आणि तारीख येईना. खोटी तारीखसुद्धा येईना.

"छापला नाही," मी म्हणालो.

"काय?"

"खुलासा छापला नाही. आणि ती प्रतिक्रिया... ती मीच लिहिली होती. ताई तेव्हा मला भेटल्याही नव्हत्या."

मी ताईंकडे बघितलं नाही. हात मागे गेलेला तेवढा दिसला.

अधिकाऱ्यांना खरोखरच धक्का बसला होता. नोकरीत त्यांनी नाना तऱ्हेचे खोटे कागद पाहिले असतील, पण माणसाच्या तोंडी शब्द घालून वर त्याचा फोटो छापणं त्यांना नवीन असावं. "तुम्ही लोक असं करता?" ते हळूच म्हणाले. मग स्वतःला सावरून त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "ठीक आहे. आत्ता सांगितलंत तेच लिहून सही करा. फाईलला लावतो. काम होईल."

दोन ओळी लिहायच्या होत्या. पेनही त्यांनीच दिलं. आणि मी, भालचंद्र लाड, काय म्हणालो?

"आमच्या साहेबांना विचारून सांगतो."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडताना मीच ऐकलं आणि सुन्न झालो. डोळ्यांपुढे डुबलसाहेब आले, गेलेली नोकरी आली, घरची चूल आली. कागद कोराच राहिला.

"विचारा," अधिकाऱ्यांनी पेनला टोपण लावलं. "पुढची तारीख कळवतो."

बाहेर जिन्यापाशी शिपाई खुर्ची घेऊन तयार होता. मी पुढे होऊन वाकलो.

"नको," ताई म्हणाल्या.

"बाई, आम्ही दोघं उचलतो की," शिपाई म्हणाला.

"नको दादा. माझी मी जाते."

त्या पहिल्या पायरीवर बसल्या. दोन्ही हातांनी एक पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा. मग हातांवर भार देऊन अंग खाली घेतलं. लोखंडी पट्ट्या दगडावर वाजल्या. पुन्हा एक पाय, पुन्हा दुसरा. वर येणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. एका म्हाताऱ्याने मला खडसावलं, "अहो, बघता काय नुसते? धरा की त्यांना!" मी दोन कुबड्या छातीशी धरून एक-एक पायरी मागून उतरत होतो. त्या पायऱ्या सहासष्ट होत्या.

शेवटच्या पायरीवर ताई थांबल्या. पातळ मागून धुळीने माखलं होतं, तळहात लाल झाले होते. किती तरी वेळ त्या नुसत्या श्वास घेत होत्या.

"वही आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग विचारा."

"काय विचारू, ताई?"

"प्रतिक्रिया. तेव्हा विचारायची राहिली ना? आता विचारा."

मी त्यांच्या शेजारी, एक पायरी खाली बसलो. कसंबसं विचारलं, "परदेशी गाड्यांवरचा कर वाढलाय. तुमची प्रतिक्रिया काय?"

"लिहा," ताई म्हणाल्या. "रेश्मा शिकलगार, नऊ वर्षं. आई कडेवर आणते. दिलीप माने, अकरा. वडील सायकलला पंचाने बांधून आणतात. सुनंदा थोरात, बारा. आता येत नाही, आईला उचलवत नाही. बाळू सुतार, दहा. आजोबा आणतात, आजोबांना आता दिसत नाही, मग बाळू पाठीवरून रस्ता सांगतो..."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. बावीस नावं. एकाही नावाला त्या अडखळल्या नाहीत. अक्षरं मला दिसेनाशी झाली तरी मी लिहीत होतो.

"खाली माझं नाव घाला," त्या म्हणाल्या. "फोटो नको."

पुढचं इथेच सांगून टाकतो. त्याच वहीचं एक पान फाडून मी कबुली लिहिली, सही केली आणि तिसऱ्या मजल्यावर देऊन आलो. त्या आठवड्यात डुबलसाहेबांनी मला काढलं. नंतर जन्मभर मी पुण्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली. ताईंना सूट मिळाली, पण कागद वर जाऊन खाली यायला दीड वर्ष लागलं. तोवर जर्मनीच्या संस्थेने वाट बघून गाडी दुसऱ्या कुणाला दिली होती. रेश्माची शाळा अकराव्या वर्षी सुटली.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. ताई पायरीवर बसल्या होत्या, मी वही मिटायला लागलो होतो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवा."

मी वाचलं. बावीसच्या बावीस नावं, शेवटी त्यांचं. या वेळी मला आवाज लावता आला नाही.

ताईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग माझ्याकडून कुबड्या घेतल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "हे मी बोलले."